करवंद आणि दुसरी बादली

करवंदाला पाणी जास्त झालं की ते मरायला टेकतं, हे मला वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी कळलं. त्याआधी कुणी सांगितलं असतं तर मी त्याला येड्यात काढला असता. पाण्यानं झाड मरतं होय? मी माणदेशातला. आमच्याकडं झाडं, जनावरं, माणसांची तोंडं, सगळं पाण्यावाचून सुकलेलं बघितलं. पाण्यानं बिघडलेलं काही बघायची पाळीच आली नाही.

मी कोपरखैरण्यात राहतो. जन्मभर कांद्याबटाट्याच्या गोणी पाठीवर वाहिल्या, आधी मशीदबंदरला आणि मग मार्केट इकडं आल्यावर वाशीला. शाळा चौथीपर्यंत, तीही धड नाही. घर सिडकोचं बैठं. पुढं दोन खाटा टाकता येतील एवढी मातीची जागा. गल्लीतल्या सगळ्यांनी आपापली जागा बांधून काढली, वर दोन-दोन मजले चढवले. आमचीच तेवढी तशी राहिली, कारण बायकोनं बांधू दिली नाही. मी म्हणायचो, खोली काढू, भाडं येईल. ती म्हणायची, "भाडं चावून खाता का? मला पाय टेकायला माती ऱ्हाऊ द्या."

त्या मातीत तिनं एक मोगरा, एक कढीपत्ता आणि एक करवंद लावलं होतं. मोगरा आणि कढीपत्ता विकतचे. करवंद तिच्या तोंडातलं.

म्हणजे झालं असं. आमची मुलगी खारघरला राहते, चौदाव्या मजल्यावर. उन्हाळ्यात तिच्याकडं जायचं म्हटलं की हिचे पाय आधी बिल्डिंगच्या अलीकडच्या कोपऱ्यावर थांबायचे. तिथं डोंगरातल्या पाड्यावरची एक बाई टोपली घेऊन बसते. पळसाच्या पानाच्या द्रोणात काळी करवंदं. आमच्या माणात बोरं, सीताफळं. करवंद हिनं इथंच येऊन पहिल्यांदा खाल्लं आणि तिला त्याचं वेडच लागलं. दोन द्रोण घ्यायची. एक मुलीला म्हणून, आणि एक लिफ्ट यायच्या आत संपलेला. ओठांना चीक, जिभेला रंग, तशीच जावयासमोर उभी. मी म्हणायचो, अगं तोंड तरी पूस. ती म्हणायची, जावयाला काय माझं लगीन लावायचंय?

एका वर्षी तिनं चोखलेल्या बिया पदराच्या टोकात बांधून आणल्या. रंगाच्या रिकाम्या डब्याला भोकं पाडली, माती भरली, बिया टाकल्या. मी हसलो. महिन्याभरानं हाक आली, "अवं, रुजलं बघा."

मी बघितलं. दोन पानं. म्हटलं, आता गल्लीत जंगल करणार तू.

"तुमी गप बसा. जन्मात एक झाड लावलंय का?"

लावलं नव्हतं. 

ते रोप तिनं जमिनीत लावलं आणि त्यानंतर त्याच्याकडं ढुंकूनही बघितलं नाही. लाड मोगऱ्याचे, करवंदाला कधी आठवण झाली तर भांडं विसळलेलं पाणी. तरी ते माझ्या गुडघ्याच्या वर गेलं. पानं जाड, काळपट हिरवी, तेल लावल्यासारखी. मे महिन्यात गल्लीतली झाडं मान टाकायची तेव्हाही याचं पान गळायचं नाही. येता-जाता माझ्या धोतराला धरायचं. मी शिव्या घालायचो, ती हसायची.

मग तिला दम लागायला लागला. हृदय मोठं झालंय म्हणाले डॉक्टर. आयुष्यभर तिनं सगळ्यांना धरून ठेवलं, मोठं होणारच, असं मला वाटलं, पण डॉक्टरला कसं सांगणार. शेवटचं वर्षभर तिला बादली उचलवत नव्हती. सकाळी उठलो की मी दोन बादल्या भरायचो. पहिली माझी, दुसरी तिची. तिच्या बादलीत गरम पाणी घालायचं, हात बुडवून बघायचं, मोरीत ठेवायची, हाक मारायची. वर्षभर रोज.

माघात ती गेली. अडीच वर्षं झाली. त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

दिवस झाले, माणसं गेली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठून दोन बादल्या भरल्या. हाताला कुठं माहीत असतं. गरम पाणी पण घातलं. हाक मारायला तोंड उघडलं तेव्हा लक्षात आलं. आता त्या बादलीचं काय करायचं? ओतून द्यायचं? आमच्या गावात हिनं पंधरा वर्षं डोक्यावर हंडा वाहिलाय, उन्हाळ्यात दीड कोस जायचं आणि दीड कोस यायचं. वाटेत हंडा हिंदकळला तर सासू बोलायची. तिच्या वाटचं पाणी मी मोरीत ओतणार होतो काय? बादली गार होऊ दिली, उचलली आणि करवंदाच्या बुडाला नेऊन घातली. तिनं लावलेलं होतं. तिचंच पाणी, तिच्याच झाडाला. मला बरं वाटलं.

त्या दिवसापासून रोज. एक दिवस चुकवला नाही. ऊन वाढलं तशी संध्याकाळची आणखी एक बादली सुरू केली.

चैत्रात पानं पिवळी पडायला लागली. मला वाटलं, उन्हानं. पाणी वाढवलं. मग पानं गळायला लागली. आणखी वाढवलं.

आमचा शेजारी माझ्याबरोबरच मार्केटात होता, तासगावकडचा, द्राक्षाच्या मुलखातला. त्याला जगातल्या सगळ्या झाडांचे रोग द्राक्षावरून कळतात. तो वाकून बघायचा, भुरी आहे म्हणायचा. पानाच्या मागं पांढरी भुकटी नव्हती, तरी भुरीच. त्यानं ताक शिंपडायला सांगितलं. शिंपडलं. मुंग्या आल्या. मुंग्यांवर हळद टाकायला सांगितली. टाकली. शेवटी त्याची बायको दारातून म्हणाली, आता फोडणी तेवढी द्या.

मुलगी दर रविवारी यायची. आईच्या खाटेकडं पाठ करून बसायची. तिचं एकच चालू होतं, आण्णा, तिकडं चला, इथं एकटे काय करता. जावई भला माणूस आहे, खोली रिकामी आहे. पण चौदाव्या मजल्यावर मी खिडकीतून काय बघू? दुसऱ्याच्या खिडक्या? मी नाही म्हणायचो, ती रडायची. एका रविवारी तिनं करवंदाकडं बोट केलं.

"हे झाड तरी तुमच्यानं जगतंय का आण्णा? मग तुमचं तुम्ही कसं बघणार?"

मला राग आला आणि मी बोलून गेलो, हे झाड मेलं तर त्या दिवशी पिशवी घेऊन तुझ्या दारात येतो. पुन्हा परत जातो म्हणणार नाही.

  शब्द दिला की दिला, मार्केटात आम्ही असेच वाढलो. त्या दिवसापासून ते झाड म्हणजे माझा मुक्काम होता. दोन आठवड्यांत निम्म्या फांद्या उघड्या झाल्या.

मग मला त्या डोंगरातल्या बाईची आठवण झाली. करवंद तिचं, तिला माहीत असणार. एक फांदी मोडली, वर्तमानपत्रात गुंडाळली आणि खारघरची बस धरली. मुलीला सांगितलं नाही.

बाई होती. टोपली होती. मी समोर बसलो आणि फांदी पुढं ठेवली. तिनं आधी माझ्याकडं बघितलं, मग माझ्या शेजारच्या मोकळ्या जागेकडं.

"मावशी न्हाय आली?"

म्हटलं, गेली. तिनं विचारलं, कधी? म्हटलं माघात. तिनं टोपलीवरची पानं उचलली, परत नीट लावली, परत उचलली. मग फांदी घेतली. नखानं साल खरवडली, वास घेतला, आणि पाणी किती घालतोस म्हणून विचारलं. ती लहानथोर सगळ्यांना अरे-तुरेच करते.

मी छाती काढून सांगितलं. रोज दोन बादल्या. चुकवत नाही.

तिनं फांदी माझ्या मांडीवर टाकली.

"मावशीचं झाड तू बुडवून मारतोस."

मला झोंबलं. म्हटलं, बाई, मी माणदेशचा आहे, पाण्याचं मोल मला शिकवू नको. आमच्याकडं घोटभर पाण्यासाठी भांडणं होतात. मी त्याला तोंडचं पाणी घालतोय.

"डोंगरात कोन जातंय रं बादल्या घेऊन? कातळात वाढतंय ते. त्याला तहान लागू दे. तहान लागली का मूळ खाली जातं. तू वरच पाजत बसलास, त्येचं मूळ कुजलं."

 तीन महिने मी ज्याला माया म्हणत होतो ते हे होतं. बाजूला एक पोरगी द्रोण घेत होती, ती पण थांबून ऐकत होती. भर रस्त्यात, उन्हात, एका बाईनं मला सरळ केलं. आणि सांगतो, मला हलकं वाटलं. बायको गेल्यानंतर मला पहिल्यांदा कुणी शिव्या घातल्या होत्या. बाकी सगळे जपून बोलत होते, जसा मी काचेचा.

मग तिनं काय करायचं ते सांगितलं. उपटायचं नाही. बाजूनं उकरायचं, कुजलेलं मूळ कापायचं, खाडीच्या भरावाची चिकट माती काढून टाकायची आणि डोंगरातला मुरूम भरायचा, उंचवटा करून. फांद्या निम्म्यावर छाटायच्या. आणि पाणी बंद. अजिबात बंद. पाऊस देईल तेवढंच. मी विचारलं, मुरूम कुठं मिळतो. तिनं हनुवटीनं डोंगर दाखवला. पायथ्याशी रस्त्याचं काम चालू होतं, मुरमाचा ढीग होता. मुकादमाला विचारलं, तो हसून न्या म्हणाला. गोणी त्यानंच दिली.

अर्ध्याहून जास्त भरली. मग वाकलो, गोणी पाठीवर घेतली आणि उभा राहिलो. बारा वर्षांनी. गुडघा कुरकुरला, पण पाठ ओळख विसरली नव्हती. मुकादम म्हणाला, आजोबा, हळू. म्हटलं, बाजूला हो. रस्त्यानं चालत बस-स्टॉपपर्यंत आलो तेव्हा घामानं भिजलो होतो आणि गालातल्या गालात हसत होतो. माणसाला काय कशाचा आनंद होईल, सांगता येत नाही.

कंडक्टरनं गोणीकडं बघून विचारलं, काय आहे यात. म्हटलं, डोंगर. तो म्हणाला, डोंगराचं तिकीट काढावं लागेल. काढलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी उकरायला बसलो. शेजारी मदतीला आला, हाताला गोणपाट गुंडाळून, कारण फांद्या धरायच्या कुणी? करवंद मरायला टेकलं तरी काटा मऊ होत नाही. माती काळी, चिकट, आणि वास असा की शेजाऱ्यानं तोंड फिरवलं. मुळं हाताला लागली की शेवयांसारखी तुटत होती. मी कापत गेलो. एवढं सगळं मी कुजवलं होतं. मग मधोमध एक जाड मूळ लागलं, पांढरं, टणक. नखानं खरवडलं तर आतून ओलं आणि कोरं. शेजारी म्हणाला, गड्या, हे जिवंत आहे. त्यानं त्या दिवशी भुरीचं नाव काढलं नाही.

मुरूम भरला. उंचवटा केला. फांद्या छाटल्या. पाच उघड्या काटक्या उरल्या, टोपलीचा सांगाडा उभा केल्यासारख्या.

आता खरी अडचण पुढं होती. दुसऱ्या दिवशी सकाळी दोन बादल्या भरून झाल्या आणि मी दुसरीकडं बघत उभा राहिलो. करवंदाला घालायची नाही. मोरीत ओतायची नाही. नुसती भरायचीच नाही असं ठरवावं, तर हात ऐकत नव्हता, आणि खरं सांगायचं तर मलाही ते ठरवायचं नव्हतं. मोगऱ्याला घालावी, तर आता मला सगळ्याच झाडांची भीती बसली होती. पाणी गार होत चाललं. शेवटी मी पाटावर बसलो, पहिली बादली अंगावर घेतली आणि मग दुसरीही घेतली. तिची. डोक्यावरून, तांब्यावर तांब्या. आमच्या गावात दोन बादल्यांनी अंघोळ कुणी केली नसेल, अगदी नवरदेवानंसुद्धा. मी मोठ्यानं हसलो आणि मोरीतच रडलो, पाण्यात कुणाला कळतंय. बाहेर आलो तेव्हा शेजारीण म्हणाली, आज किती वेळ हो अंघोळ. म्हटलं, दोघांची होती.

 तिनं चहा आणून दिला.

हळूहळू दुसरी बादली अर्धी झाली. मग कधी भरायची राहिली ते माझ्याही लक्षात आलं नाही. एक दिवस शेजाऱ्यानं विचारलं तेव्हा आठवून बघितलं, तर बरेच दिवस झाले होते. मला वाईट वाटेल असं वाटलं होतं. वाटलं, पण थोडंच.

झाड तसंच. मुलगी दर रविवारी यायची, काटक्यांकडं बघायची, माझ्याकडं बघायची. तिला वाटत असणार, मेलेलंच आहे, आण्णा कबूल करत नाहीत. एकदा तिनं कपाटातली माझी धोतरं मोजून बघितली, पिशवीत किती मावतील म्हणून. मी नखानं साल खरवडून तिला आतला हिरवा रंग दाखवला. ती म्हणाली, दर आठवड्याला खरवडलंत तर तसंही मरेल. ते बरोबर होतं. खरवडणं बंद केलं.

श्रावणात एका काटकीच्या बगलेत लाल टोकाचा कोंब आला. मी चष्मा लावून बघितला, चष्मा काढून बघितला. शेजाऱ्याला हाक मारली, त्याच्या बायकोला मारली, मुलीला फोन लावला. मुलगी मीटिंगमध्ये होती. तिला वाटलं मी पडलो. कोंब फुटलाय म्हटलं. मग म्हणाली, बरं. एवढंच. पण त्या रविवारी आली तेव्हा आईच्या खाटेवर बसली.

पुढचा उन्हाळा आला तेव्हा झाड कमरेएवढं, हिरवंगार, पण फूल नाही. बाईला सांगायला गेलो. ती म्हणाली, त्याला राग आलाय, एक वर्ष थांब. थांबलो. पाणी घातलं नाही. मे महिन्यात गल्लीतले लोक म्हणायचे, काका, किती कोरडं पडलंय, एक तांब्या तरी घाला. मी काठी घेऊन बसायचो. नळाची नळी घेऊन गाडी धुणारा एक जण होता, त्याचं पाणी वाहत इकडं यायचं. त्याला म्हटलं, तुझी गाडी मळकी राहिली तर चालेल, माझं झाड भिजता कामा नये. त्यानं कपाळाला हात लावला. लावू दे.

या वर्षी फाल्गुनात ते फुललं.

सकाळी दार उघडलं आणि वास आला. मला वाटलं मोगरा. मोगऱ्याकडं बघितलं तर तो रिकामा. करवंद पांढरं झालं होतं. बारीक बारीक चांदण्या, घोसाघोसानं, आणि मधमाशा अशा की जवळ जायची सोय नाही. मी पायरीवर बसून राहिलो. चहा गार झाला, दुसरा केला, तोही गार झाला. शेजारी येऊन बाजूला बसला. आम्ही दोघांनी मिळून जन्मात किती गोणी वाहिल्या असतील, पण असे नुसते बसलो कधी नव्हतो.

मग हिरवी फळं धरली आणि भांडणं सुरू झाली. शेजारीण म्हणाली, हिरवी काढा, लोणचं घालू. शेजारी म्हणाला, विरळणी करा, द्राक्षाची करतात तशी. मी एकाचंही ऐकलं नाही. पिकू दिली. बुलबुलांना आमच्याआधी कळलं. दोघं नवराबायको पहाटेच यायचे आणि निवडून निवडून खायचे. मी हुसकलं नाही. त्यांना कुणी सांगितलं असेल, इथलं म्हातारं येडं आहे, पाणी देत नाही पण खाऊ देतंय.

वैशाखातल्या एका रविवारी मुलगी आली. आल्या आल्या चप्पल न काढता झाडाकडं गेली. एक तोडलं, खाल्लं. मग दुसरं. मग पिशवी पायरीवर ठेवली आणि दोन्ही हातांनी तोडायला लागली. चीक बोटांना, रंग ओठांना, काट्यानं मनगटावर रेघ ओढली तरी थांबेना. मी म्हटलं, अगं, जरा बुलबुलाला ठेव.

"बुलबुलाला सांगा, आधी माझा नंबर आहे."

म्हणताना हसली. तोंड रंगलेलं, दात रंगलेले. मी मान वळवून शेजाऱ्याच्या भिंतीकडं बघितलं, काही कारण नसताना.

निघताना तिनं पिशवी उचलली. खोली रिकामी आहे, जावई वाट बघतात, यातलं काही बोलली नाही. पायरीवर थांबली आणि विचारलं, आण्णा, बुधवारी सुट्टी आहे, येऊ का?

म्हटलं, ये. जुनी साडी नेसून ये, ही फाटेल.